चेतकचा सव्वा महिना

बोअर करून, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करून आलेली बजाजची जुनी चेतक आणि बाळंतीण यांत मला फार फरक दिसत नाही. दोघींना ओझं चालत नाही, घाट चालत नाही, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण एक सल्ला ठेवून जातो. १९७२ साली स्कूटरला नाव दिलं महाराणा प्रतापांच्या घोड्याचं, पण घरोघरी ती ‘ती’च राहिली, ते एका परीने बरं झालं. रनिंग, म्हणजे काम केलेलं इंजिन सांभाळून चालवण्याचा काळ, ५०० किलोमीटरचं. घर, ऑफिस, भाजी मिळून रोज तेरा किलोमीटर धरले, तर हिशेब अडतीस दिवसांचा निघतो. म्हणजे सव्वा महिनाच!

या काळात गाडी हळू चालवली की झालं, असा सर्वत्र समज आहे. मला विचाराल तर नवं काम केलेलं इंजिन जितकं वेगाने मरतं, तितकंच लाडानेही मरतं.

बोअरिंगवाला होनिंग करतो, म्हणजे दगडाने आतून शेवटचा हात फिरवतो, तेव्हा सिलिंडरच्या आत फुलीसारख्या तिरप्या रेघा उमटतात. पाट्याला टाकी लावून आणतात, तसंच हे. टाकी लावल्यावर पहिलं वाटण खडीची कचकच घेऊन निघतं, ते फेकावं लागतं. इथेही रेघांची टोकं आणि पिस्टनभोवतीच्या नव्या रिंगा एकमेकींना घासून जागा करून घेतात. पण रिंग भिंतीला चिकटते ती मुख्यतः मागून येणाऱ्या गॅसच्या दाबाने. थ्रॉटल (हाताचा पीळ) उघडलाच नाही तर दाब येणार कुठून? गाडी तासभर न्यूट्रलवर फुरफुरत ठेवणारे भाविक बोअरची, म्हणजे सिलिंडरची, आतली भिंत गुळगुळीत करून ठेवतात. रिंगा बसतच नाहीत, आणि मग ‘कामच नीट झालं नाही’ म्हणून मिस्त्रीच्या नावाने बोटं मोडतात.

अर्थात कधीकधी काम खरंच नीट झालेलं नसतं. पिस्टन बसवण्यापूर्वी रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून तिच्या दोन टोकांमध्ये फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहावं. ५७ मिलिमीटरच्या बोअरला ०.२३ मिलिमीटरच्या आसपास फट हवी. फट नसेल तर रिंग तापून फुगते, टोकं एकमेकांना भिडतात आणि ती बोअरला ओरबाडते. पिस्टनवरच्या रिंगेच्या खाचेत एक बारीक पिन असते. रिंगेची टोकं त्या पिनेच्या दोन्ही बाजूंना नीट बसली नाहीत, तर पुढचं सगळं व्यर्थ. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टच्या बाजूला. पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या गजन पिनेच्या लॉकरिंगा नव्या. आणि क्रँकची (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याची) दोन्ही ऑइल सीलं नवीच. ‘सील अजून कडक आहे भाऊ, राहू दे,’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. मॅग्नेटकडचं सील गळकं असेल तर इंजिन तिथून हवा ओढतं, पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन तापतो. क्लचकडचं गेलं तर गाडी गिअरबॉक्समधलं ऑइल पिते आणि मागे सत्यनारायणाच्या होमासारखा पांढरा धूर सोडते. मोजक्या रुपयांच्या रबरासाठी अख्ख्या बोअरवर पाणी.

आता तूप. म्हणजे पेट्रोलमध्येच मिसळायचं टू-टी ऑइल. एरवी लिटरला २० मिली, रनिंगमध्ये ४० मिली. पाच लिटर पेट्रोलला २०० मिली, मापाने. ‘थोडं जास्तच घाल, बाळंतीण आहे,’ असं म्हणून बाटली उपडी करणारे गल्लोगल्ली आहेत. पण कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक तेवढंच असतं. त्यातून तेल जास्त गेलं की पेट्रोल तितकं कमी जातं, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन जास्त तापतं. वर प्लग काळा, ओला होतो, तो वेगळाच. आजच्या ई-२० पेट्रोलमधलं इथेनॉलही मिश्रण लीनच करतं, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा घालावा.

पहिली किक मारल्यावर दोन-तीन मिनिटं चालवून बंद. हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. मग पाच मिनिटं, पुन्हा गार. मग दहा. चेतकचं इंजिन पंख्याच्या हवेवर गार होतं आणि ती हवा सिलिंडरच्या फिन्सवर (गार करणाऱ्या पात्यांवर) नेतं ते वरचं पत्र्याचं कव्हर. ‘हवा लागू दे’ म्हणून तेच काढून ठेवणारा माणूस नवजात बाळाला पंख्याखाली ठेवून पंख्याचं बटण बंद करतो. तिसऱ्या फेरीनंतर, पूर्ण गार झाल्यावर, हेडचे नट तिरपे-तिरपे, समोरासमोरचे घेत पुन्हा आवळायचे.

मग रस्ता. चाळीसच्या वर काटा नाही, डबलसीट नाही. मात्र चाळीसवर काटा खिळवून वरातीसारखंही जायचं नाही. वेग पंचवीस, पस्तीस, पुन्हा तीस, असा हलता हवा. थ्रॉटल सोडत-उघडत. चौथ्या गिअरमध्ये वीसच्या वेगाने चढ रेटणं हे तर चाळीसच्या पुढे पळवण्याहून वाईट. या अडतीस दिवसांत आपल्याला कोण कोण ओव्हरटेक करतं, त्याची यादी करू नये. सायकलवरचा दूधवाला वळून बघतो, त्यात सहानुभूती असते.

उतारावर मात्र खरी फसगत. चारचाकीच्या सवयीने थ्रॉटल बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली की पेट्रोल थांबतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल थांबलं की तेलही थांबतं. पिस्टन मात्र कोरडाच खालीवर होत राहतो. त्यामुळे उतारावर मधूनमधून थ्रॉटलला चिमूटभर पीळ द्यावा, नाहीतर क्लच दाबून ठेवावा.

डाव्या हाताची दोन बोटं तर सव्वा महिना क्लचवरच. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापला की बिडाच्या सिलिंडरच्या जवळजवळ दुप्पट फुगतो, आणि मधली फट केसाएवढी. पिस्टन पकडण्याआधी, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकण्याआधी, गाडी सांगते. आवाज आखडतो, मागून कुणीतरी कॅरिअर धरल्यासारखी ओढ लागते. त्या क्षणी क्लच दाबला तर वाचलात. नाही दाबला तर मागचं चाक जागच्या जागी थांबतं, आणि आपण थांबत नाही. नंतर वीस मिनिटं बाजूला उभं राहायचं, प्लग काढून भोकात चमचाभर टू-टी सोडायचं, आणि किक पायाने नव्हे, हाताने दाबून पाहायची. गरम इंजिनवर रागाने किका मारणाऱ्याचं पुढचं बोअरिंग ठरलेलं.

पाचशे भरले की प्लग काढून बघायचा. चहाच्या रंगाचा असेल तर छान. पांढराफटक असेल तर अजून कुठूनतरी हवा घुसते आहे. गिअर ऑइल गरम असतानाच काढायचं. क्लचप्लेटांचा काळा गाळ आणि चकाकणारी भुकटी त्यातून निघते, घाबरू नये. नवं ऑइल लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंत भरायचं, टू-टी पुन्हा २० मिलीवर आणायचं, सायलेन्सरचा बोल्ट आवळायचा. एवढं करून हात चिंधीला पुसतो न पुसतो, तोच जिना उतरत काका विचारतात, “काय, झाली का मोकळी? मग जरा किल्ली दे. आम्ही तिघं सिंहगडावर जाऊन येतो.”