खालच्या छतावरचा डाग बघायला वरच्याने खाली जायलाच हवं

वरच्या घरातून खालच्या घरात पाणी गळायला लागलं की बहुतेक इमारतींत एकच संवाद ऐकू येतो. खालचे म्हणतात, "तुमच्या बाथरूममधून गळतंय." वरचे म्हणतात, "आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे." दोघंही खरंच बोलत असतात आणि तिथेच गाडी अडते. माझं मत ठाम आहे. वरच्याने पायात चपला सरकवाव्यात, खाली जावं आणि तो डाग स्वतःच्या डोळ्यांनी बघावा. प्लंबर, सोसायटीला पत्र, विमा हे सगळं त्यानंतर. शेजारधर्म म्हणून तर हे करावंच, पण पुढे क्लेम मंजूर होणार की नाही, हेसुद्धा बऱ्याचदा या सुरुवातीच्या दिवसांतच ठरून जातं.

वरचं घर कोरडं का दिसतं, ते आधी समजून घ्यायला हवं. टाइल्समधल्या फटींतलं ग्राउट पाणी पूर्ण अडवत नाही. ते काम टाइल्सच्या खालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचं असतं. तो थर कुठे फाटला, किंवा पाणी जाण्याच्या जाळीच्या कडेचा सांधा सुटला, की पाणी टाइल्सखालच्या भरावात मुरत राहतं. वर पावलाला ओल लागत नाही. भराव पुरता भिजल्यावर ते पाणी स्लॅबमधली सोपी वाट शोधतं, आणि ती वाट सरळ खाली जाईलच असं नाही. वायरींसाठी टाकलेला पाइप, एखादी भेग, तुळईची कड, जिकडे मिळेल तिकडे ते सरकतं आणि मूळ गळतीपासून बऱ्याच लांब, कधी दुसऱ्याच खोलीत, दिव्याच्या तोंडाशी टपकतं. त्यामुळे "आमचं बाथरूम तुमच्या हॉलवर येतच नाही" या उत्तराला काही अर्थ नसतो. (दिव्याजवळून पाणी येत असेल तर बाकी काहीही करण्याआधी त्या भागाची वीज बोर्डावरून बंद करा. ओल्या हाताने बटण चालू-बंद करून बघू नका.)

आमच्या खाली राहणाऱ्या काकांना छतावर डाग दिसला, त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट केली ती मला फार आवडली. स्टुलावर चढून त्यांनी डागाच्या कडेकडेने पेन्सिलने बारीक रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. पुढच्या आठवड्यात डाग रेघेबाहेर गेला, तेव्हा दुसरी रेघ आणि दुसरी तारीख. मग मला फोन केला, "अगं, जरा खाली येऊन बघतेस का? भांडायला नाही, दाखवायला बोलावतोय." मी गेले. पिवळट डाग, त्याला गडद तपकिरी किनार, रंगाला फुगे आलेले आणि मधोमध पांढरी भुकटी. ही भुकटी म्हणजे क्षार. पाणी काँक्रीटमधून झिरपताना आतले क्षार विरघळवून आणतं, पाणी सुकून जातं आणि क्षार मागे उरतात. म्हणजे कुणाकडून एकदा बादली सांडली, अशातला हा प्रकार नव्हता. त्या दोन रेघांनी प्लंबरचं निम्मं काम केलं. डाग कुठल्या बाजूला वाढतोय ते समोरच दिसत होतं.

गळती शोधताना पहिला प्रश्न हा, की पाणी येणाऱ्या पाइपातून गळतंय की जाणाऱ्या. येणाऱ्या पाइपात सतत दाब असतो, त्यामुळे तिथली गळती रात्रंदिवस चालू राहते. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. तरीही काटा सरकत असेल तर पाणी कुठेतरी जातंय. सांडपाण्याच्या बाजूची गळती मात्र वापराबरोबर येते. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की डाग ओला होतो आणि घर बंद असलं की सुकतो. शंका राहिलीच तर जाळीला बोळा लावून बाथरूममध्ये दोन बोटं पाणी २४ तास साठवून ठेवतात. त्यात रंग टाकला आणि खाली रंगीत थेंब उतरला तर वाद तिथेच मिटतो. या साध्या चाचण्या न करता सरसकट सगळ्या टाइल्स उखडायला सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

आता विमा. इथे बहुतेकांचा मोठा गैरसमज असतो. घराच्या पॉलिसीत पाण्याने झालेलं नुकसान असतं म्हणजे पाण्याचं सगळंच नुकसान असतं, असं आपण धरून चालतो. बहुतेक पॉलिसी अचानक आणि अनपेक्षित घडलेल्या घटनेला पैसे देतात, म्हणजे पाइप फुटला, टाकी भरून वाहिली, वॉशिंग मशीनची नळी निसटली. झीज, गंज, देखभालीचा अभाव आणि हळूहळू होणारी झिरप त्या वगळतात. सेकंदाला एक थेंब पडतोय असं समजा. दिवसाला ८६,४०० थेंब झाले. एका मिलिलिटरला २० थेंब धरले तरी दिवसाला चार लिटरच्या वर आणि महिन्याला साधारण १३० लिटर पाणी कुणाच्या तरी छतात जातं. तेवढंच पाणी एका रात्रीत पाइप फुटून गेलं असतं तर क्लेमचा विचार झाला असता. महिनाभर थेंबाथेंबाने गेलं, तर उत्तर बहुधा नाही असंच येतं. डाग दिसल्या दिवशीच तारखेसकट फोटो काढून ठेवा आणि कंपनीला लगेच लेखी कळवा, असं मी जीव तोडून सांगते ते यासाठी. तो पुरावा नसेल तर "हे किती दिवसांपासून चालू होतं?" या सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाच्या, प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसतं.

आणखी एक बारकावा. क्लेम मंजूर झाला तरी पैसे साधारणपणे पाण्यामुळे झालेल्या नुकसानीचे मिळतात, जो पाइप किंवा सांधा निकामी झाला त्याचे मिळतातच असं नाही. गळती शोधण्यासाठी फोडलेल्या टाइल्सचा खर्च काही पॉलिसींत वेगळा धरलेला असतो, काहींत अजिबात नसतो. पॉलिसी घेताना हे विचारून घ्या, कारण कित्येकदा पाइपाच्या कामापेक्षा त्या फोडाफोडीचा खर्च जास्त होतो.

खालच्या घराचं नुकसान भरून कोण देणार? "वरच्याचा विमा देईल", हे उत्तर अर्धवट आहे. वरच्याची पॉलिसी मुळात वरच्याच्या घरासाठी असते. तिच्यात इतरांच्या नुकसानीच्या दायित्वाचं कलम असलं तरी वरचा माणूस कायद्याने जबाबदार ठरला तरच ते लागू होतं, आणि नुसतं पाणी वरून आलं एवढ्यावर तो जबाबदार ठरेलच असं नाही. याबद्दलचा एक जुना खटला वाचण्यासारखा आहे, रिकर्ड्स विरुद्ध लोथियन. मेलबर्नच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावरच्या बेसिनचं भोक कुणीतरी मुद्दाम बुजवलं आणि नळ सोडून दिला. खाली भाडेकरूचा माल भिजला. १९१३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या वसाहतींच्या अपिलांसाठीच्या लंडनमधल्या शेवटच्या न्यायालयाने, निकाल दिला की इमारतीत नळाचं पाणी असणं ही वापरातली साधी गोष्ट आहे आणि तिसऱ्याच माणसाच्या खोडसाळपणासाठी मालक जबाबदार नाही. प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा असतो, पण निष्काळजीपणा झाला का, हा प्रश्न जवळपास सगळीकडे विचारला जातो.

म्हणून खालच्या घरात राहणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की स्वतःच्या घराचा विमा स्वतः घ्या आणि नुकसान झालं तर आधी तिथेच क्लेम करा. वरच्याची चूक असेल तर तुमची कंपनी तुम्हाला पैसे देऊन ते त्याच्याकडून किंवा त्याच्या कंपनीकडून वसूल करू शकते. ती खटपट तुम्हाला करावी लागत नाही, आणि जिन्यात रोज समोर येणाऱ्या माणसाशी पैशावरून बोलायची पाळीही येत नाही.

वरच्यांसमोर मात्र एक खरी अडचण असते. दायित्वाच्या पॉलिसीत सहसा अट असते की कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करू नका, पैशाचं वचन देऊ नका. या अटीचा धाक घेऊन कितीतरी चांगली माणसं एकदम गप्प होतात, दार अर्धवट उघडून बोलतात आणि खालच्यांना वाटतं की यांनी हात वर केले. अट मोडायची काही गरज नाही. खाली जाऊन बादली धरता येते, सामान सरकवू लागता येतं, तुमचा मुख्य कॉक ताबडतोब बंद करता येतो, "तुम्हाला फार त्रास झाला, मी आजच प्लंबर बोलावते" असं म्हणता येतं. यातलं काहीही कबुलीजबाब नाही. किती द्यायचे आणि कुणी द्यायचे, एवढाच विषय कंपनीशी बोलेपर्यंत बाजूला ठेवायचा. आमची गळती तर हळूहळू झालेली होती, विम्याचा उपयोगच नव्हता. वॉटरप्रूफिंग मी करून घेतलं आणि काकांचं छतही मीच करून दिलं. मला ते योग्यच वाटतं.

छत रंगवायची घाई मात्र करू नका. गळती थांबली तरी स्लॅब आणि प्लास्टर सुकायला बरेच आठवडे लागतात आणि ओल्या प्लास्टरवर दिलेला रंग पुन्हा फुगतो. दुर्लक्ष तर त्याहून करू नका. स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत पाणी पोचलं की त्या गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून दाब देऊन काँक्रीटचे पापुद्रे पाडतो. तेव्हा तो प्रश्न खालच्या घराचा राहत नाही, इमारतीचा होतो.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो, ती म्हणजे प्लंबरला दार न उघडणं. "आज वेळ नाही, पुढच्या आठवड्यात बघू", "आत्ताच टाइल्स बसवल्यात, फोडू देणार नाही." गळती सुरू होण्यात तुमचा काहीच दोष नसेल, पण लेखी कळवूनही तुम्ही आत येऊ दिलं नाहीत, तर त्या तारखेपुढचं नुकसान अपघाती होतं असं कुणालाच पटवता येणार नाही, तुमच्या विमा कंपनीलासुद्धा. खालच्यांनीही म्हणून तोंडी सांगून थांबू नये. शांत शब्दांत चार ओळींचा मेसेज, सोबत डागाचा फोटो आणि प्लंबर कधी येऊ शकतो ती वेळ, एवढं पाठवावं, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना त्याची प्रत द्यावी.