तो भोंगा बंद करा

आज मावशीला बीपी दाखवायला नागपूरच्या सदरमधल्या एका दवाखान्यात नेलं होतं. नंबर यायचा होता. भिंतीवरच्या टीव्हीत कुठल्याशा युद्धाची बातमी, आणि मागे तोच हवाई हल्ल्याचा भोंगा. मावशीचा हात आपसूक पिशवीतल्या फोनकडे गेला. मी सरळ उठून टीव्ही बंद केला. लोक बघत राहिले. बघू देत.

८ मे २०२५ ची रात्र. ऑपरेशन सिंदूर सुरू होऊन दुसरा दिवस. मावशीचा मुलगा जम्मूकडे पोस्टिंगवर, फोन लागेना. कामठी रोडच्या तिच्या घरी आम्ही टीव्हीसमोर. कराची बंदर उद्ध्वस्त! इस्लामाबादेत फौजा! मावशी मला विचारते, "इतके अंदर गेले म्हणून राहिले, मग आपला पोरगाबी गेला असन का वं?" काय उत्तर देऊ? सकाळी कळलं, यातलं काहीच घडलं नव्हतं. नंतर एखाद्या अँकरने माफी मागितली, तेवढं मान्य. मावशीची ती रात्र कोण परत देणार?

शेवटी सरकारलाच सांगावं लागलं की कार्यक्रमांत नागरी संरक्षणाचे सायरन वाजवू नका, सवय झाली तर खऱ्या वेळी लोक उठणार नाहीत. ज्या नागपुरात नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालय उभं राहिलं, त्याच नागपुरात घराघरांत हा भोंगा करमणुकीसाठी वाजत होता. संताप येतो!

२००३ मध्ये अमेरिकी वार्ताहर सैन्याच्या गाड्यांत बसून इराकमध्ये शिरले, त्यांच्या पडद्यावर पुढे सरकणारे रणगाडे. अल जझीरा या अरबी वाहिनीवर त्याच युद्धातली इस्पितळं आणि जखमी मुलं. तिला कतारचा पैसा आहे, ती काही धुतल्या तांदळाची नाही. पण तिचा वार्ताहर तारिक अय्यूब ८ एप्रिलला बगदादच्या ऑफिसवरच्या अमेरिकी हल्ल्यात गेला. दोन्हीकडची माणसं निदान तिथं होती तरी. आपले अँकर नोएडाच्या थंडगार स्टुडिओत, अंगावर कोट घालून, नकाशावर बोट ठेवून शहरं जिंकत होते.

सैन्याचं मनोबल वाढवायला हवं म्हणता? हवंच. पण खोटं ऐकून ते वाढतं, हे जवानाच्या आईला विचारून बघा.

१० मे ला युद्धबंदी झाली, रात्री फोन आला. तो एवढंच म्हणाला, "आई, जेवली का?" तिनं दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. "हो" म्हणाली.

आज डॉक्टरांनी बीपी मोजलं आणि म्हणाले, थोडं बसा, परत बघू. आम्ही बाहेर आलो तर कुणीतरी टीव्ही परत लावला होता.