‘एक जुना वाचक’ यांना उत्तर, जरा लांबलेलं

मागच्या आठवड्यात चिनी पडद्यावरच्या माओ, त्यांचे पंतप्रधान चौ एन-लाय, त्यांच्याकडून हरलेला च्यांग कै-शेक या मंडळींवर आणि त्यांच्या भूमिका करणाऱ्या नटांवर लिहिलं होतं. त्यावर ‘एक जुना वाचक’ या नावाने प्रतिक्रिया आली. तिच्याखालीच दोन ओळी लिहायला बसलो, पण ते काही दोन ओळींत आटपेना. म्हणून ही वेगळी नोंद. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी ती आधी देतो:

“चेहरा जुळतो म्हणून उचललेल्या नकलाकारांना थोर नट ठरवणं हा निव्वळ भाबडेपणा आहे. हे सगळं तुम्ही सबटायटल वाचून पाहिलं असणार, तेव्हा संवादफेकीबद्दल न बोललेलंच बरं. हे चित्रपट सरकारी मंजुरीने निघतात. माओच्या काळात दुष्काळात माणसं मेली, ती यांत कुठे आहेत? मथळा तर हास्यास्पद. लिहिण्याआधी थोडा अभ्यास केलात तर वाचकांवर उपकार होतील.”

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण मिरची तिथे झोंबली आहे. उपकार! इथे लिहायचे मला कुणी पैसे देत नाही आणि वाचायचे तुमच्याकडून कुणी घेत नाही. मतभेद असू द्यात, हवे तेवढे असू द्यात. पण एखाद्याकडे जाऊन चहा प्यायचा आणि उंबऱ्यावर चपला घालताना ‘साखर कमी होती, शिकून घ्या’ म्हणायचं, ही कुठली रीत? तुम्ही जुने वाचक असाल तर तुम्हाला ठाऊक असेल की मी टीका उडवत नाही. तुमचीही उडवलेली नाही. हेच सगळं चार शब्द नीट वापरून लिहिता आलं असतं, आणि मग मीही बहुधा एवढा लांब बसलो नसतो.

मथळ्याबद्दल तुमचं बरोबर आहे. ‘यांना जगात तोड नाही’ हे जरा जास्तच झालं. रात्री उशिरा लेख टाकला की मथळे असेच सुचतात. बदललाय, बघून घ्या. तेवढं तुमच्या पदरात.

आता नकलाकारांकडे वळू.

चेहरा जुळतो म्हणून निवडतात हे खरं आहे, आणि ते मीच लेखात लिहिलं होतं. म्हणजे माझंच वाक्य तुम्ही मला परत ऐकवताय. चीनमध्ये या नटांना ‘तशिंग यानयुआन’ म्हणतात, एखाद्या विशिष्ट माणसासाठीच राखलेले नट. तिकडच्या चित्रपटांतून नट मंडळी माओ करू लागली ती १९७६ नंतर, माओ गेल्यावर. मग एकदम मागणी आली. गू युए हा कुनमिंगच्या लष्करी विभागात सांस्कृतिक काम पाहणारा माणूस, पेशाने नट नव्हताच. शिआनच्या घटनेवर (१९३६मध्ये च्यांगला त्याच्याच सेनापतींनी डांबून ठेवलं ती) १९८१मध्ये चित्रपट निघाला, त्यात तो पहिल्यांदा माओ झाला आणि २००५मध्ये वारला तोवर ऐंशीच्या वर चित्रपट-मालिकांत माओच राहिला. चेहऱ्याने त्याला आत घेतलं, याबद्दल वाद नाही.

तुम्ही मात्र इथेच थांबलात. आत गेल्यावर पुढे काय, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही. माझा अख्खा लेख त्या ‘पुढे काय’वर होता.

चौ एन-लाय घ्या. १९३९मध्ये घोड्यावरून पडल्यापासून त्यांचा उजवा हात कोपरात कायमचा वाकलेला राहिला. त्यामुळे चौंची भूमिका करणारा जो तो नट पहिल्याच दृश्यात हात वाकवून उभा राहतो. ते पाचवीतलं पोरगंही करेल, त्याला तुम्ही नक्कल म्हणा, माझी ना नाही. पण वांग त्येचंगचा चौ बघा, तिंग यिनान यांच्या चित्रपटातला. १९९२ साली त्याला या भूमिकेसाठी ‘सोनेरी कोंबडा’ मिळाला, तिथला मानाचा पुरस्कार. त्यात मार्शल हे लोंग यांच्या स्मृतिसभेचा प्रसंग आहे. हे लोंग माओच्या सांस्कृतिक क्रांतीत छळ सोसून १९६९मध्ये गेले, आणि सन्मानाने स्मृतिसभा व्हायला १९७५ उजाडलं. तोवर चौंचा कर्करोग बळावला होता. प्रथेप्रमाणे मृताच्या तसबिरीपुढे तीनदा वाकायचं असतं. हा तीनदा वाकतो आणि थांबत नाही. चौथ्यांदा वाकतो, पाचव्यांदा. प्रत्येक वेळी पाठ सरळ व्हायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो. आजूबाजूच्यांना आवरावं की नाही कळत नाही. सात वेळा. ज्याला आपण वाचवू शकलो नाही त्याच्यापुढे देशाचा पंतप्रधान वाकतोय, आणि त्या वेळी वाकड्या हाताकडे तुमचं लक्षसुद्धा जात नाही. हे नकलाकाराला जमतं? मग जमणारे आणखी दोन दाखवा, मी त्यांच्यावरही लिहितो.

आणि नकलाकार म्हणजे काय हे मला सांगू नका, मी एक अगदी हातभर अंतरावरून पाहिलाय. पूर्व चीनमधल्या निंगबोला मी नोकरीनिमित्त राहायला होतो, पंपांचे सुटे भाग तपासून मुंबईला रवाना करायचं काम. च्यांग कै-शेकचं मूळ गाव शीकोउ तिथून फार लांब नाही, पाहुणे आले की आम्ही त्यांना तिकडे न्यायचो. च्यांगच्या वाड्याशी एक गृहस्थ असायचे. गुळगुळीत डोकं, मिशी, अंगात काळा झगा, हातात काठी. पैसे दिले की शेजारी उभे राहून फोटो काढू देत. मीही काढला, कुठल्यातरी खोक्यात असेल अजून. चेहऱ्याचंच म्हणाल तर पडद्यावरच्या कुठल्याही च्यांगपेक्षा हा जास्त जुळत होता. फोटो झाला, त्यांनी काठी काखेत मारली, नोट उजेडात धरून बघितली, थर्मासचं झाकण फिरवून चहाचा घोट घेतला आणि च्यांग संपला. प्रामाणिकपणे पोटासाठी करत होते, त्यांना मी नावं ठेवणार नाही.

आता त्याच च्यांगला सुन फेइहूने काय केलं ते पाहा. ‘काइग्वो दादियान’, १९८९, नव्या चीनच्या स्थापनेवरचा चित्रपट. त्यात गू युए माओ आणि सुन फेइहू च्यांग. प्रेक्षकांच्या मतांवर दिला जाणारा ‘शंभर फुलं’ पुरस्कार गू युएला मिळाला, आणि परीक्षक देतात तो ‘सोनेरी कोंबडा’, सहायक अभिनेत्याचा, सुन फेइहूला. विचार करा, ज्या देशात च्यांग हा शाळेच्या पुस्तकातला खलनायक, तिथे तिथल्याच परीक्षकांनी खलनायकाला उचलून धरलं. का? कारण जानेवारी १९४९मध्ये पद सोडून गावी येऊन बसलेला हा म्हातारा त्याने माणूस म्हणून उभा केला. हातून देश चाललाय हे त्याला कळतंय, आणि घरच्यांसमोर ते कळल्याचं दाखवायचं नाही. चिडतो, ओरडतो, मग एकदम शिष्टाचाराने बसतो. लहानपणापासून च्यांगला शिव्या घालत मोठा झालेला प्रेक्षक दोन मिनिटं गप्प होतो. शीकोउच्या वाड्यापुढे मी तासभर उभा राहिलो असेन, तिथे कुणी गप्प झालेलं पाहिलं नाही.

बरं, चेहऱ्याचंच धरून बसायचं तर मग तांग गुओच्यांगचं काय करणार? चिंगदावचा हा नट तरुणपणी इतका गोरागोमटा होता की लोक त्याला दुधावरच्या सायीचं नाव ठेवून चिडवायचे. आपल्याकडचा चॉकलेट हिरो. प्राचीन चीनमधल्या तीन राज्यांच्या झगड्यावरच्या १९९४च्या मालिकेत त्याला चतुर मुत्सद्दी झुगे ल्यांग दिला तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. झुगे ल्यांग तिसऱ्या शतकातला, त्याचा चेहरा कुणाच्या बापाने पाहिलाय? तरी या नटाने पिसांचा पंखा हातात धरला आणि पुढच्या पिढ्यांसाठी झुगेचा चेहरा ठरून गेला. रणांगणावर गाडीत बसून, आवाज फारसा न चढवता, शत्रुपक्षाच्या वृद्ध वांग लांगला असा काही झोडपतो की तो घोड्यावरून पडून मरतोच. त्या दृश्याचे तुकडे कापून चिनी पोरं आजही इंटरनेटवर गाणी करतात. पुढे १९९९मध्ये हाच अठराव्या शतकातला योंगझेंग सम्राट झाला, दिव्याच्या उजेडात तांबड्या शाईने अर्जांवर शेरे मारता मारता खंगत गेलेला. आणि मग माओ! माओशी त्याचा चेहरा ओढूनताणूनच जुळतो. हनुवटीवर तीळ लावला, केस मागे सारले तरी खाली तांग दिसतोच. तरीही गू युएनंतर माओ म्हटलं की तिथल्या निर्मात्यांना हाच आठवतो. (मधल्या काळात एका तंत्रशाळेच्या जाहिरातीतही झळकला. जेसीबी चालवायला शिकायचंय, मग अमुक शाळेत या, अशा थाटाची जाहिरात. आपल्याकडे राष्ट्रपुरुषाची भूमिका केलेल्या नटाने हे केलं असतं तर किती मोर्चे निघाले असते याचा हिशेब मी करत बसलो होतो.)

उलट्या बाजूनेही बघा. २०१७मध्ये लष्कराच्या स्थापनेवर चित्रपट आला आणि त्यात तरुण लोकप्रिय चेहरे भरले. सेनानी ये तिंगच्या भूमिकेत ओउ हाओ नावाचा कोवळा गायक-नट. ये तिंग यांचे नातू ये दायिंग स्वतः दिग्दर्शक आहेत, ते वेइबोवर, म्हणजे चिनी ट्विटरवर, उघडपणे तुटून पडले. त्यांचा आक्षेप नाक-डोळे जुळत नाहीत असा नव्हता. आजोबांचा वकूब त्या पोरात दिसत नाही, असा होता. तुमच्या हिशेबाने हेही भाबडेच.

आणि ह्यूएनत्संग? पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्याकडे, येऊन गेलेला प्रवासी. मराठी माणूस उपकार विसरत नाही आणि अपमानही विसरत नाही, अशा अर्थाचं लिहून गेलाय. (अपमानाबद्दलचं त्याचं निरीक्षण आज विशेष पटतंय.) २०१६मध्ये भारत-चीन मिळून त्याच्यावर चित्रपट केला, ह्वांग श्याओमिंग ह्यूएनत्संग आणि आपला सोनू सूद हर्षवर्धन. चीनने तो ऑस्करला पाठवला होता. इथे तर चेहरा जुळायचा प्रश्नच नव्हता, सातव्या शतकातल्या माणसाचा फोटो कोण आणणार? देखणा नट, खरं वाळवंट, खरे डोंगर. आणि भूमिका माझ्या मते सपशेल पडली. वाळवंटात तहानेने कोसळतानाही तो देखणाच दिसत राहतो. तेव्हा चेहरा जुळला की अभिनय नाही, हे तुमचं गणित उलटं फिरवून पाहिलं तरी सुटत नाही.

सबटायटलचं म्हणाल तर तुम्ही न विचारताच ठरवून टाकलंत, म्हणून सांगतो. मला कामापुरती मँडरिन येते. बाजारात भाव पाडता येतो, मालात खोट निघाली तर भांडता येतं. आणि चिनी मालिका चिनी लोकसुद्धा खाली अक्षरं वाचत बघतात, तिथे प्रत्येक वाहिनीवर ती असतातच, कारण एका प्रांताचं बोलणं दुसऱ्याला धड कळत नाही. आमच्या कँटीनचा आचारी सिच्वानचा होता. लू ची या नटाचा डेंग श्याओपिंग (माओनंतरचा चीनचा नेता, तोही सिच्वानचाच) टीव्हीवर बोलू लागला की तो हातातला झारा तसाच ठेवून बाहेर यायचा. त्याच्या गावाकडची बोली! आपला मामा घरात बसून बोलतोय असं वाटतं म्हणायचा. त्याच्या चेहऱ्याकडे बघून संवादफेक कळत होती, त्याला सबटायटल लागत नाही. असो. निंगबोत तुम्ही किती राहिलात, हे मात्र प्रतिक्रियेत दिसलं नाही.

राहता राहिला सरकारी मंजुरीचा मुद्दा. हो, लागते. थोर नेत्यांवर काही काढायचं तर त्यासाठी वेगळी समितीच आहे, १९८०च्या दशकापासून. हे गुपित नाही. दुष्काळाचा विषय मोठा आहे, अभिनयावरच्या लेखात तो कुठे बसवणार? वांग त्येचंगच्या चित्रपटात सांस्कृतिक क्रांतीची वर्षं आहेत, ती तुम्ही पाहिली असती तर ‘कुठे आहेत’ हा सूर जरा खाली आला असता. बाकी त्यावर कधीतरी.

‘भाबडेपणा’बद्दल माझी तक्रार नाही. चित्रपटगृहात अंधार झाल्यावर जो भाबडा होत नाही त्याने तिकिटाचे पैसे वाचवावेत. तक्रार ‘निव्वळ’बद्दलही नाही. ‘अभ्यास केलात तर’बद्दल आहे, आणि ती राहील.

तुमची पुढची प्रतिक्रिया आली तर तीही ठेवीन. उत्तर देईनच असं नाही, मार्चअखेर आहे आणि ऑफिसात कामं तुंबली आहेत. पुढचा लेख तीन राज्यांच्याच कथेतल्या त्साओ त्साओवर आहे, १९९४चा पाओ गुओआन आणि २०१०चा चेन च्येनबिन. एका मालिकेचे ८४ भाग, दुसरीचे ९५. सगळे बघून झाले असतील तर या, बोलू.