तांदळाच्या पिशवीबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कोरेझमात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, आणि मे महिन्यात गोव्यातल्या आमच्या भागातल्या इगर्जींतून (चर्चमधून) चालणाऱ्या दानमोहिमांवर मी लिहिलेल्या लेखाला आपण 'एक फोंडेकर' या सहीने प्रतिक्रिया दिलीत. ती कडक आहे, पण विचार करून लिहिलेली आहे. दोन ओळींत आभार मानून ती बाजूला सारणं मला योग्य वाटलं नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आपलं म्हणणं थोडक्यात असं: चर्चकडे जमिनी आणि इमारती असताना त्यांनी मासळी विकून पोट भरणाऱ्या बाईकडून तांदूळ का मागावेत? उपासनेच्या वेळी मदत गोळा केली की ती धर्माची जाहिरात होते. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, असं खुद्द येशूने सांगितलं असताना चर्चच्या दारात पिशव्यांची रास कशाला? आणि ज्या भूमीत इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) झालं, तिथल्या एका हिंदू मराठी लेखकाने हे कौतुक करावं, याचा आपल्याला खेद वाटला. जुन्या कपड्यांच्या ढिगाबद्दलही आपण एक वाक्य लिहिलंत; त्याकडे पुढे येतो.

आधी तांदळाचं बोलू, कारण आपला मुख्य आक्षेप तिथेच आहे आणि माझं सगळं म्हणणंही तिथेच आहे. चर्चच्या तिजोरीतून तांदूळ विकत घेऊन वाटता आले असते, हे खरं. पण मग त्याचा कोरेझमाशी काही संबंध उरला नसता. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या या काळात उपवास, प्रार्थना आणि दान या तीन गोष्टी एकत्र सांगितलेल्या आहेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी 18 ते 59 वयाच्या कॅथलिकांनी एकच पूर्ण जेवण घ्यायचं असतं. कोरेझमातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य; आमच्याकडे कितीतरी घरं पूर्ण चाळीस दिवस मांसाला शिवत नाहीत. आता, न खाल्लेल्या त्या मांसाचे पैसे जातात कुठे? ते घरातच राहिले तर उपवासाने घरखर्च कमी झाला, एवढाच त्याचा अर्थ. ते एका डब्यात पडतात आणि डबा पुढे दुसऱ्याच्या चुलीपर्यंत जातो, तेव्हा उपवास पूर्ण होतो. मासळी विकणारी बाई पिशवीत घालते ते दोन किलो तांदूळ तिच्या शिल्लकीतले नसतात, ताटातले असतात. तिच्याकडून ते घेऊ नयेत असं आपण म्हणता, तेव्हा तिच्यावर दया करता. पण देण्याचा तिचा हक्कही काढून घेता. हे मला पटत नाही. गरिबाने फक्त घेणारा असावं, हा विचार कितीही सद्भावनेतून आला तरी त्याला लहान करणारा आहे.

राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी मिसेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) यशया संदेष्ट्याच्या 58व्या अध्यायातला भाग वाचला जातो. देवाला कोणता उपवास आवडतो? भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं, बेघराला घरात घेणं, उघड्याला वस्त्र देणं. हे वाचन ऐकून बाहेर पडलेल्या माणसाला दारात तांदळाची पिशवी दिसली, तर त्यात सरमिसळ कसली? नुकतं जे ऐकलं, ते लगेच करून पाहायची सोय आहे ती.

आता डाव्या-उजव्या हाताचं. आपण दिलेलं वचन मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं आहे, आणि नेमका तोच उतारा दर वर्षी राखेच्या बुधवारी वाचतात. म्हणजे दानमोहिमेची सुरुवातच मुळी या इशाऱ्याने होते. ज्या लोकांवर आपण हे वचन विसरल्याचा आरोप करता, त्यांच्या कानांवर ते कपाळाला राख लागते त्याच दिवशी पडलेलं असतं. ते सगळे पाळतात, असं मी म्हणणार नाही. देणगीदाराच्या नावाचा फलक आणि धनादेश देतानाचा फोटो आमच्याकडेही दिसतो, आणि तो मलाही खटकतो. पण पिशव्यांची रास वेगळी. तिच्यावर कुणाचं नाव नसतं. कुणाचे उकडे तांदूळ आणि कुणाची डाळ, हे रास झाल्यावर आणणाऱ्यालाही सांगता येत नाही.

सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची पद्धत आपल्याला ठाऊक आहे का? ही संस्था 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी सुरू केली. ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. गोव्यातल्या बऱ्याच पॅरिशांत, म्हणजे एकेका चर्चच्या धर्मग्रामांत, तिचे गट आहेत. सभेत एक पिशवी फिरते. प्रत्येक जण हात आत घालून बाहेर काढतो. कुणी किती टाकले आणि कुणाला काहीच टाकता आलं नाही, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. मग दोघा-दोघांनी गरजू घरी जायचं, तिथे बसायचं, बोलायचं. माणसाला रांगेत उभं करायचं नाही, आपण त्याच्या उंबऱ्याशी जायचं. आमच्या वाड्यावर हे काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. भर दुपारच्या उन्हात ती चालत जातात, आणि कुणाकडे गेलो होतो हे विचारलं तर विषय बदलतात. त्यांची नावं मी मूळ लेखात दिली नव्हती, इथेही देणार नाही.

चर्चच्या संपत्तीबद्दल फार लांबण लावत नाही. जुन्या गोव्यातली मोठी मठसंस्थानं 1835 मध्येच पोर्तुगीज सरकारने बंद करून ताब्यात घेतली. सेंट ऑगस्टिनचा अर्धा पडलेला मनोरा त्याचीच खूण आहे. जमिनी आजही आहेत, आणि त्यांच्या व्यवहारांवर गोव्यातले कॅथलिकच जाहीरपणे प्रश्न विचारतात. विचारावेतच. पण दानपिशवीचा प्रश्न वेगळा आहे. चर्चच्या 1983च्या कायदेसंहितेत एक कलम आहे, 1267: भाविकांनी ज्या कामासाठी दान दिलं, त्याच कामासाठी ते वापरायचं. आणखी एक, 1287: भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यायचा. गुड फ्रायडेची दानपेटी जगभरातून पवित्र भूमीतल्या ख्रिस्ती स्थळांसाठी आणि तिथल्या लोकांसाठी जाते. कारितास इंडिया ही 1962 मध्ये स्थापन झालेली संस्था दर वर्षी कोरेझमात भूक आणि रोग यांविरुद्ध देशभर निधी गोळा करते. गावासाठीचं मागणं याहून निराळं. कोणता पैसा कुठला, हे विचारायचा अधिकार देणाऱ्याला आहे, आणि जिथे तो विचारला जात नाही तिथे विचारायला शिकवलं पाहिजे. आपला राग या दिशेला वळला तर मी आपल्या बाजूने उभा आहे.

मे महिन्याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण आपल्या प्रतिक्रियेत हा भाग एका वाक्यात उडवून लावलाय: "उन्हाळ्यात भूक कसली, तेव्हा तर आंबे-फणस पडून असतात." आपण फोंड्याचे आहात, पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, आपल्या घरीही भरत असेल. पावसाचे चार महिने काढायचे तर मेअखेरपर्यंत तांदूळ, मिरची, कांदे, चिंच, सोलं, सुकी सुंगटं, गालमो, खारे मासे, लाकूडफाटा, सगळं घरात यायला हवं. मडगावच्या होली स्पिरिट इगर्जीचं पेंटेकॉस्ट या सणाच्या सुमाराचं फेस्त (उत्सव) तर पुरुमेंताचं फेस्त म्हणूनच ओळखलं जातं. पण हे भरायला एकरकमी पैसे लागतात. ज्याच्या हाताला रोजचे पैसे रोज येतात त्याला मेमध्ये भरणी करता येत नाही, आणि जूनमध्ये त्याचं कामही थांबतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी. ट्रॉलरवरची माणसं रिकामी. बांधकामावर ओडिशा-झारखंडहून आलेले कामगार पावसाने बसून राहतात. वर छपरावर घालायचं प्लास्टिक, मुलांच्या वह्या, छत्र्या, रेनकोट. गरज जुलैत दिसते, पण ती मेमध्येच ठरलेली असते. म्हणून मेमध्ये गोळा करतात. हे शहाणपण कुठल्या योजनेच्या कागदातून आलेलं नाही. पाऊस कधी येतो हे पक्कं ठाऊक असलेल्या बायकांचं ते आहे.

आणि ते लादाइनीच्या, म्हणजे खुरसापुढच्या सामूहिक प्रार्थनेच्या, वेळी गोळा करतात, कारण सगळा वाडा एकत्र येण्याची वेळ तीच. एप्रिल-मेमध्ये वाड्यावाड्यावरच्या खुरसाला (क्रुसाला) चुना लावतात, माळा घालतात, संध्याकाळी वात पेटते, व्हायोलिन लागतं आणि लिटनी गातात. नंतर उकडलेले चणे वाटतात. काही ठिकाणी दारूचा पेलाही फिरतो, ही आपली तक्रार खरी आहे, आणि तो पेला फिरू नये असं म्हणणारे फादरही मी ऐकले आहेत. पण मुंबई-आखातातून सुट्टीवर आलेला, एरवी मिसेला न जाणारा तरुणही लादाइनीला येतो. हिंदू शेजारी कडेला उभे असतात. चणे त्यांनाही मिळतात. गावातल्या कुणाच्या घराची भिंत खचली आहे, कुणाचा नवरा कामावरून पडला, हे तिथेच कळतं. मदतीची यादी खरं तर तिथेच तयार होते, कागदावर ती नंतर उतरते.

कपड्यांबद्दलचं आपलं वाक्य मात्र मी पूर्ण मान्य करतो. फाटकी पँट, बटणं गेलेला शर्ट, घामाचा वास येणारी चादर आणून टाकणारे लोक दान करत नाहीत, कपाट रिकामं करतात. त्यातून निवडानिवड करायला स्वयंसेवकांच्या दुपारी जातात आणि उरलेला ढीग शेवटी पंचायतीच्या कचऱ्यात जातो. जवळच्या एका पॅरिशने यंदा जुने कपडे घेणंच बंद केलं. चादर, टॉवेल, अंतर्वस्त्रं, जे काही द्यायचं ते नवं द्या, एक दिलं तरी चालेल, असं सांगितलं. वस्तू कमी आल्या, आणि सगळ्या उपयोगी पडल्या. हे इतरांनीही करावं, असं मला मनापासून वाटतं.

राहिला इतिहास. तो मला माहीत नाही असं समजू नका. 1560 ते 1812 गोव्यात इन्क्विझिशन होतं. त्याच्याही आधीपासून देवळं पाडली गेली, देव हलवावे लागले. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला. माझ्या आजीच्या तोंडून हे मी ऐकलं, तेव्हा तिचा आवाज कापायचा. त्यातलं काहीही मी पुसून टाकत नाही आणि कुणाला पुसू देणार नाही. पण आपण जे म्हणता त्याचा अर्थ असा होतो, की सोळाव्या शतकात जे घडलं त्याचा जाब आज माझ्या शेजारणीने तिच्या तांदळाच्या पिशवीतून द्यावा. तो तिने का द्यावा? ती त्याच मातीतली आहे. तिचे पूर्वज आणि आपले पूर्वज बहुधा एकाच पाणवठ्यावर पाणी भरत होते.

ही मदत म्हणजे धर्मांतराचं आमिष, असा आरोपही आपण केलात, पण त्याला एकही उदाहरण दिलं नाहीत. मला दिसलेलं सांगतो. आमच्या वाड्यावरच्या यादीत हिंदू घरं आहेत, दोन मुसलमान घरं आहेत. ती वर्षानुवर्षं तशीच आहेत, त्यांच्या घरातले देवही तसेच आहेत. म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीच्या (मारियामातेच्या) फेस्ताला, ईस्टरनंतरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी, हिंदू भाविक तेल घेऊन जातात, कारण लोकमानसात ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण आहे. तिथे कुणी कुणाला बाटवत नाही. बहिणीच्या घरी जावं तसे लोक जातात. कुठे मदतीच्या बदल्यात धर्म मागितला गेल्याचं आपल्याला ठाऊक असेल तर गाव आणि वर्ष लिहा. त्याविरुद्ध मी याच ठिकाणी, याच आवाजात लिहीन.

आपल्या प्रतिक्रियेतला शेवटचा प्रश्न असा होता: "आपल्या देवळांबद्दल असं का लिहीत नाही?" लिहीन, पण आधी काही करायला हवं. आपल्या देवस्थानांत अन्नसंतर्पण होतं, समाराधना होते, आणि हजारो माणसं पोटभर जेवून जातात. परंपरा मोठी आहे. पण ती उत्सवाच्या दिवसापुरती, आणि देवळापर्यंत येऊ शकणाऱ्यापुरती. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीपर्यंत तो पाट पोहोचत नाही. आमच्या देवस्थानाच्या महाजनांच्या (हक्कदार सभासदांच्या) येत्या सभेत मी एक ठराव मांडतो आहे: वैशाखात, उत्सवाच्या आरतीनंतर, प्रत्येक घराने पुरुमेंतासाठी काढलेल्या धान्यातून एक शेर बाजूला काढावा, आणि तो जमलेला तांदूळ पावसाआधी घरोघरी पोचवायला दोघा-दोघांच्या जोड्या नेमाव्यात. यादी वाड्यावरच्या बायकांनी करावी, जात आणि धर्म न विचारता. जुने कपडे नकोत. हिशेब चतुर्थीआधी देवळाच्या फलकावर लागावा.

आपणही कुठल्यातरी देवस्थानाचे महाजन असाल, असं आपल्या लिहिण्यावरून वाटतं. असाल, तर हाच ठराव आपल्याकडे मांडा. मसुदा हवा असेल तर मी पाठवतो. त्यात काय बदलावं ते कळवलंत, तर आमच्या सभेआधी मला ते वापरता येईल.