किवूची सहा वर्षं आणि फातोर्ड्यातला पराभव

ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्यात फुटबॉलमध्ये सिंगापूरने भारताला २-१ हरवलं आणि आशिया चषकाचं दार बंद झालं. मायदेशी जुना वाद पुन्हा पेटला: प्रशिक्षक देशी हवा की परदेशी? भारतीय संघाचे खालिद जमील हे गोव्याच्या सावियो मेदेरांनंतरचे, म्हणजे २०१२ नंतरचे, पहिले भारतीय मुख्य प्रशिक्षक. त्यामुळे खापर पासपोर्टवर फुटलं. इथे इटलीतून बघताना प्रश्नच चुकल्यासारखा वाटतो.

जून २०२५ मध्ये इंटर मिलान या इथल्या बड्या क्लबने रुमानियाच्या क्रिस्तियान किवूला प्रशिक्षक नेमलं, तेव्हा इथे खल झाला तो अनुभवावर. प्रशिक्षक म्हणून वरिष्ठ संघाचे त्याच्या नावावर अवघे १३ सामने होते. शंका रास्त होती, पण त्या १३ सामन्यांच्या मागे काय होतं हे बघायला हवं.

रुमानियातल्या रेशित्सात जन्मलेला हा डावखुरा बचावपटू नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबचा कर्णधार झाला, मग इटलीत रोमा, मग २००७ पासून इंटर. ६ जानेवारी २०१० ला किएव्होविरुद्ध हवेतल्या चेंडूसाठी झेपावताना डोक्यावर डोकं आपटून त्याची कवटी फुटली. मार्चमध्ये तो संरक्षक टोपी घालून परतला. २२ मे रोजी माद्रिदला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकचा आक्रमक रॉबेन त्याच्या वाट्याला आला. रॉबेन उजव्या बाजूने येऊन डाव्या पायावर आत वळायचा. अशा वेळी लेफ्ट-बॅकने, म्हणजे डाव्या कडेच्या बचावपटूने, आतली वाट अंगाने अडवून त्याला टचलाइनकडे, मैदानाच्या कडेच्या रेषेकडे, ढकलायचं असतं. पाऊल जरा लवकर टाकलं की फाउल. ३०व्या मिनिटाला किवूला पिवळं कार्ड मिळालंच. त्यानंतर प्रत्येक टॅकल जपून. ६८व्या मिनिटाला इंटरचे तेव्हाचे प्रशिक्षक मोरिन्यो यांनी त्याला बाहेर घेतलं. इंटर २-० ने जिंकला.

एवढं नाव असूनही २०१८ मध्ये त्याने सुरुवात केली ती इंटरच्या १४ वर्षांखालील मुलांपासून. मग १७, १८ आणि २०२१ पासून प्रिमावेरा, म्हणजे युवा संघांची सर्वोच्च साखळी. पहिल्याच हंगामात साखळीचे ३४ सामने आणि विजेतेपद. २०२४ पर्यंत तो तिथेच होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने पार्मा क्लबचा वरिष्ठ संघ हाती घेतला, तेव्हा तो २५ सामन्यांत २० गुणांवर, अठराव्या, म्हणजे खालच्या साखळीत घसरण्याच्या जागी होता. किवूने मागे तीन सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, उभे केले. चेंडू गेला की दोन्ही कडांचे विंग-बॅक खाली येऊन पाच जणांची फळी. ३ विजय, ७ बरोबरी, ३ पराभव. शेवटच्या दिवशी बेर्गामोत ०-२ पिछाडीवरून ३-२, आणि पार्मा वाचला.

उलट उदाहरणही इथलंच. २०२० मध्ये युव्हेंटस क्लबने इटलीचा माजी खेळाडू पिर्लोला, प्रशिक्षक म्हणून एकही सामना सांभाळलेला नसताना, वरिष्ठ संघ दिला. दोन चषक आले, पण साखळीत चौथा क्रमांक, आणि वर्षाच्या आत निरोप.

जमीलही लांबच्या वाटेनेच आलेत, हे मायदेशी कुणी बोलत नाही: मुंबई एफसीची तुटपुंज्या साधनांतली वर्षं, मग २०१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉल क्लबसोबत आय-लीग या राष्ट्रीय साखळीचं विजेतेपद. युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, सी, बी, ए आणि प्रो प्रशिक्षक परवान्यांसाठी किमान ६०, १२०, १८० आणि ३६० तासांचं प्रशिक्षण लागतं; आशियातही अशीच चढण आहे. पण नुसता परवाना पुरत नाही. मुंबई, पुणे, मडगावच्या युवा संघांना आठ-नऊ महिने दर आठवड्याला सामना हवा. महिनाभरात उरकलेल्या स्पर्धेत प्रशिक्षकाला एक चूक दुरुस्त करून ती पुन्हा तपासायला पुढचा शनिवारच मिळत नाही.