तळपाय आणि तंजावर

दक्षिणेतली देवळं बघायला स्थापत्याची जाण लागते म्हणतात. माझ्या मते निबर तळपाय लागतात. तमिळनाडूत चपला गाभाऱ्याशी नव्हे, पार बाहेरच्या गोपुराशी काढायच्या आणि तिथून पुढे सगळं अंगण दगडी. त्यात आमची सहल मे महिन्यात, कारण पोरांना सुट्टी तेव्हाच.

राजराज चोळाने १०१० च्या सुमारास तंजावरचं बृहदीश्वर मंदिर पुरं केलं ते ग्रॅनाइटमध्ये. दगड हजार वर्षं टिकला, कबूल. पण सकाळपासून प्यायलेलं ऊन तो संध्याकाळपर्यंत काही सोडत नाही. देऊळ दुपारी बंद असतं. ते चारला उघडलं आणि आम्ही तव्यावरच्या लाह्यांसारखे आत उडालो. आत्या मात्र शांतपणे चालत होत्या. पायी वारी केलेल्या माणसाला चोळ काय करणार!

गाइडने आम्हाला एका जागी उभं केलं आणि २१६ फुटी विमानाकडे, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराकडे, बोट दाखवून म्हणाला, "या कळसाची सावली जमिनीवर पडतच नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र काही बोलवेना, कारण आम्ही सगळे त्याच सावलीत दाटीवाटीने उभे होतो. गाइडने स्वतःसाठी त्यातला सगळ्यात गार कोपरा धरला होता.

मग मेव्हण्यांना मराठी बाणा आठवला. "भाऊजी, नैर्ऋत्येच्या बाजूला सरफोजीराजांनी भोसल्यांचा इतिहास कोरून घेतलाय. १८०३ चा, मराठीत! चला." शिवरायांच्या सावत्र भावाने, व्यंकोजींनी इथे राज्य उभं केलं, त्यांच्या वंशजाचा हा लेख; नाही कसं म्हणणार? पण नैर्ऋत्य म्हणजे अंगणाचं पार दुसरं टोक. अभिमान निम्म्या वाटेपर्यंत पुरला. पुढचं अंतर मी टाचांवर काटलं. लेख भलताच लांबलचक. मेव्हणे एकेक अक्षर लावत वाचत होते. मी एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून ऐकत होतो आणि भोसल्यांची पिढी बदलली की पाय बदलत होतो.

"अहो, नमस्कार तरी नीट करा," बायको म्हणाली. तिने पिशवीतून आणलेले मोजे घातले होते. एकच जोडी आणली होती.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यात जीव जरा थाऱ्यावर आला, कारण डोक्यावर छप्पर होतं. चोळांच्या कांस्यमूर्ती मी प्रथमच ओठ न चावता पाहिल्या. शेजारी सरस्वती महाल ग्रंथालय. सरफोजी मोठा हौशी आणि खरा विद्वान राजा. त्याने धन्वंतरी महाल काढला. तिथल्या डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी अगदी डोळ्यांच्या चित्रांसकट जपून ठेवल्या आहेत. तळपायांचं काही आहे का, असं मी तिथल्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी मला मोडी कागदपत्रांच्या विभागाकडे पाठवलं.

संध्याकाळी फिल्टर कॉफी पिताना मेव्हण्यांनी उद्याचा बेत सांगितला: गंगैकोंड चोळपुरम. "राजेंद्र चोळाने गंगेपर्यंत धडक मारली, पण देऊळ बांधताना विमान बापाच्या विमानापेक्षा बुटकं ठेवलं. केवढा हा नम्रपणा, भाऊजी!"

"आणि अंगण?" मी विचारलं.