क्षारांवर भांडताय, क्लोरीनचं कोण विचारणार?

गेला आठवडाभर आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच विषय चाललाय, दादाच्या सोसायटीत सॉफ्टनर प्लांट, म्हणजे पाण्यातले क्षार कमी करणारं यंत्र, बसवायचा की नाही. दादा पुण्यात उंड्रीला राहतो, पाणी थोडं बोअरचं आणि बाकी टँकरचं, त्यामुळे बादलीला पांढरा थर, गिझरची कॉइल वर्षात जाते, वहिनीचे केस राठ झालेत, हे सगळं मान्य. पण त्यात आत्याने लिहिलं की लंडनला बघा, नळाला एकदम सॉफ्ट, म्हणजे कमी क्षारांचं पाणी, म्हणून तर तिथे लोक थेट नळाचं पितात, आपल्याकडे विष प्यायला लागतं. त्याला पंधरा अंगठे. मी तेव्हापासून धुमसतेय.

अहो, लंडनचं पाणी सॉफ्ट नाहीये! मी टूटिंगमध्ये राहते. इथलं पाणी थेम्स आणि ली या नद्यांचं, शिवाय जमिनीखालच्या चॉकच्या थरांतलं, म्हणजे चुनखडीतूनच येतं. हार्डनेस, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण, लिटरला २५० ते ३०० मिलिग्रॅमच्या घरात. आपल्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं म्हटलंय. दादाच्या सोसायटीचा रिपोर्ट मी स्वतः वाचलाय, चारशेच्या आसपास आहे. जास्त आहे, पण अमृत आणि विष एवढा फरक नाही.

आणि त्रास मलाही होतोच. केटलच्या तळाला महिन्याभरात भुरकट पांढरी खपली धरते, केटल वाकडी केली की चहात तरंगते, मग व्हिनेगर आणि पाणी घालून उकळायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी सुटलेले तुकडे सिंकमध्ये ओतायचे. शॉवरच्या काचेवर पुसलं नाही तर डाग, शॉवरहेडची निम्मी भोकं बंद, डिशवॉशरमध्ये मीठ संपलं की ग्लास धुरकट. तूरडाळ तर इथे मऊ होता होत नाही, आईच्या कोथरूडच्या घरी तीन शिट्ट्यांत जी डाळ लोण्यासारखी होते तिला मी पाच देते आणि तरी दाणा लागतो. दुकानात चहासुद्धा हार्ड वॉटरसाठी वेगळा मिळतो, यॉर्कशायर टीचा खास डबाच आहे. ग्लासगोला मैत्रिणीकडे गेले तेव्हा साबणाचा फेस जाता जात नव्हता, कारण तिथे लॉक कॅट्रिनचं तळ्याचं पाणी, १८५९ पासून. म्हणजे सॉफ्ट पाणी हा दगडाचा आणि तळ्याचा प्रश्न आहे, देश पुढारलेला असण्याचा नाही. त्या हिशोबाने आपलं खडकवासल्याचं पाणी लंडनपेक्षा कितीतरी हलकं, कारण खाली काळा बेसॉल्ट.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने माणूस मरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हार्डनेससाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादाच घातलेली नाही. मुलांच्या एक्झिमावर, म्हणजे इसबावर, सॉफ्टनरने फरक पडतो का यावर इंग्लंडमध्ये मोठी चाचणी झाली, २०११ साली निकाल आला, फरक नाही. वहिनीला बरं वाटणार नाही, पण मी हे लिहिणारच.

मग मी नळाचं का पिते? पाणी सॉफ्ट आहे म्हणून नाही. ते कोणीतरी रोज तपासतं आणि ते मला दिसतं म्हणून. १९९० पासून इथे पिण्याच्या पाण्यावर वेगळं निरीक्षक खातं आहे, आणि पाणी कंपनीच्या साइटवर पोस्टकोड टाकला की माझ्या भागाचा रिपोर्ट येतो, हार्डनेस, क्लोरीन, जंतू, सगळं. हो, याच देशातल्या कंपन्या नद्यांमध्ये मैला सोडतात, बिलं वाढवतात, दादाने लगेच ती बातमी पाठवलीच. पण मी नळाचं बोलतेय, नदीचं नाही.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला काय झालं ते एवढ्यात विसरलात का? तिथली नांदेड, किरकटवाडी, धायरी ही गावं, जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट, व्हेंटिलेटरवर तरुण मुलं, आणि संशय गेला तो पाण्यातल्या जंतूंवर. खडकवासल्याची भिंत जवळपास हाकेच्या अंतरावर आणि गावाला पाणी विहिरीचं. त्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवला असता तर आकडा छान आला असता, कारण तो मीटर क्षार मोजतो, जंतू त्याला दिसतच नाहीत. आणि अजूनही सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेल्समन येतो, दोन तारा पाण्यात घालून पाणी तपकिरी करून दाखवतो, तो रंग त्याच्या तारांच्या धातूचा असतो, आणि लोक घाबरून चेक लिहितात. कोथरूडला धरणाचं हलकं पाणी येतं तिथेही आईकडे आरओ लावलाय, एका लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत. हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं की टीडीएस ५०० च्या खाली असेल तर आरओ नको. टँकर विकत घेणाऱ्या सोसायटीत घरोघरी आरओ म्हणजे पैसे देऊन घेतलेलं पाणी परत पैसे देऊन गटारात सोडायचं.

उंड्री २०१७ ला महापालिकेत आलं, नंतर २०२१ ला आणखी २३ गावं आली, घरपट्टी आली, पाणी कुठेय? बांधकामाला परवानगी देताना बिल्डरकडून लिहून घेतात की पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी तो देईल. ते हमीपत्र दादाच्या सोसायटीत एकाने तरी पाहिलंय का? सॉफ्टनर बसवला की हा प्रश्नच मिटतो सगळ्यांच्या डोक्यातला, आणि मला राग त्याचाच येतो.

यावर दादाने लिहिलं, तिकडे बसून बोलणं सोपं असतं. लागलं मला ते. कारण मागच्या खेपेला घरी गेले तर वहिनीने माझ्यासाठी वेगळा बाटल्यांचा बॉक्स आणून ठेवला होता, तुला आता इथलं सोसणार नाही म्हणाली. प्रेमानेच म्हणाली. मी शाळेच्या नळाला ओंजळ लावून पाणी प्यायलेली मुलगी, पर्वतीच्या टाकीचं पाणी पिऊन वाढलेली. त्या घरात पाणी माझं वेगळं आणि बाकीच्यांचं वेगळं, हे मला अजून पचलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर मी त्या बाटल्याच प्यायले, मुलीलाही त्याच दिल्या. भीती वाटली. सिंहगड रोडच्या बातम्या मी इथे रात्र रात्र वाचल्या होत्या. इथल्या ऑफिसात कोणी पुण्याच्या पाण्याबद्दल वाकडं बोललं की मी भांडते, आणि ग्रुपवर मीच पुण्याला झोडपते, दोन्हीकडे माझा आवाज चढतोच.

पण पाहुणी म्हणून गप्प बसायचं हे मला जमणार नाही. दादा, दोन गोष्टी कर. रोज सकाळी टाकीच्या पाण्याची ओटी टेस्ट करा, म्हणजे जंतू मारणारं क्लोरीन पाण्यात आहे का ते बघायची, खेड्यापाड्यात जलसुरक्षक करतात तीच, थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन नळापर्यंत टिकलं पाहिजे. आणि प्रत्येक टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते गेटवरच्या वहीत लिहायला लावा. हमीपत्राची प्रत मागायचा अर्ज मी मराठीत टाईप करून तुला पाठवलाय. घरपट्टी तुझ्या नावावर आहे, त्यामुळे सही तुझीच लागेल, सोमवारी वॉर्ड ऑफिसला जाऊन ये.